टेंगळांचा उतार

मोंटाफोन,
१५ फेब्रुवारी १९९८

प्रिय व्रेनी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र फाडून टाकलं नसशील, असं धरून चालतो. नऊ वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. नाताळची कार्डं जायची तीसुद्धा तुझी आईच दोघांच्या नावाने पाठवायची, हे तुला कळलं असेलच. पत्ता तिच्याकडूनच घेतला. ती म्हणाली, "भाची आज बरी आठवली!" मी म्हटलं, धंद्याचं काम आहे. तर धंद्याचंच काम आहे.

माझी शिकवण्याची पद्धत तुला ठाऊक आहे. आता नव्या स्की आल्या आहेत, आखूड, कमरेत बारीक आणि दोन्ही टोकांना रुंद. दोन वर्षांपूर्वी मी त्यांना खेळणी म्हणायचो, आता दुसरं काही पायात घालत नाही. घोटा आणि गुडघा आत कलवायचा, धार बर्फात रुतवायची, भार बाहेरच्या पायावर टाकायचा आणि मग मध्ये मध्ये करायचं नाही. वळण स्की स्वतःच घेते. मागे वळून बघावं तर बर्फावर दोन बारीक रेघा, कुठे खरवडलेलं नाही, फिसकटलेलं नाही. पाहुणे खूश असतात.

मला विचारायचंय ते तुमच्या टेंगळांबद्दल. उंचवटे आणि खळगे यांनी भरलेल्या त्या उतारावर हे का चालत नाही? असं धारेवर वळणं, म्हणजे कार्व्हिंग, शिकलेलं माणूस तिथे गेलं तर नेमकी कोणती चूक होऊन पडतं? पायरी-पायरीने लिही. माझ्याकडची एक विद्यार्थिनी पडली आहे. मला नुसतं समजून घ्यायचंय.

फोन केला नाही, कारण सुट्ट्यांचे दिवस आहेत आणि घर पाहुण्यांनी भरलंय.

तुझा मामा,
अर्मिन


सॅव्हॉय,
२१ फेब्रुवारी

मामा!

पत्र उभ्या उभ्याच वाचलं, बूट न काढता. मग बसून पुन्हा वाचलं. "तुमच्या टेंगळांबद्दल" म्हणालास! अरे, १९८९ साली गावच्या हॉलमध्ये, माझं नाव स्कीच्या संघातून खोडताना, सगळ्यांसमोर काय म्हणाला होतास? "हिला धड वळता येत नाही, म्हणून टेंगळांवर बेडूकउड्या मारते." मी अठरा वर्षांची होते. त्याच आठवड्यात गाव सोडलं. आणि आज तोच माणूस मला विचारतोय, बेडूक उडी कशी मारतो बाई? मी इथे आमच्या स्की-शाळेत सगळ्यांना पत्र वाचून दाखवलं. रागावू नकोस. आईलाही फोन केला. म्हटलं, त्याने माफी मागितली नाही, पण ही माफीच आहे, त्याच्या तऱ्हेची.

बरं, आता शिकवणी. वही काढ, म्हाताऱ्या.

तुझ्या कार्व्हिंगमध्ये उतार सपाट असतो, म्हणून रेघ कुठे मारायची ते तू ठरवतोस. पाय लांबवर फाकलेले, अंग आत झुकलेलं. टेंगळांवर हे सगळं उलटं. पाय जवळ जवळ, जणू एकच पाय आहे. छाती कायम दरीकडे तोंड करून, ती हलता कामा नये. टेंगूळ आलं की गुडघे पोटाशी येऊ द्यायचे, त्याला वर उचलू द्यायचं नाही. ते ओलांडलं की पाय लांब करून स्कीची टोकं खळग्यात ढकलायची, म्हणजे स्की बर्फ सोडत नाही. काठी पुढच्या टेंगळावर आधीच टेकलेली हवी. नजर तीन टेंगळं पुढे. आणि वेग कमी करायचा तो धार रुतवून नाही, तर टेंगळाच्या पाठीवर स्की किंचित आडवी घसरवून. घसरणं! तुझ्या शाळेत ज्याला शिव्या मिळतात ते.

आता तुझा प्रश्न. चूक नेहमी एकच होते. खळग्यात शिरताना माणूस सवयीने बाहेरच्या स्कीची धार रुतवतो. स्की आपलं वळण घ्यायला लागते, पण वळायला जागाच नसते. तिचं शेपूट मागच्या टेंगळाला अडकतं, टोक पुढच्याला. स्की थांबते, माणूस थांबत नाही. तो आडवा फेकला जातो आणि स्की पायातून निघते. पुरे?

कोण ही विद्यार्थिनी? फार लागलं का तिला? आणि तू ईस्टरला इकडे का येत नाहीस? बायकापोरांच्या वर्गात तुला सगळ्यात शेवटी उभा करते.

तुझी,
व्रेनी


मोंटाफोन,
२ मार्च

प्रिय व्रेनी,

पत्राबद्दल आभार. तुझं वर्णन फार उपयोगी पडलं. स्की-शाळेच्या मुख्याधिकाऱ्यांना अपघाताचा अहवाल द्यायचा होता, तो दिला.

बाईंचं नाव हेडविग रुश. डॉर्नबर्नला प्राथमिक शाळेत शिकवतात, वय एक्केचाळीस. चार दिवस माझ्या वर्गात होत्या, रेघ चांगली मारू लागल्या होत्या. मग टेंगळांच्या उतारावर गेल्या. नको म्हटलं होतं. तिसऱ्या टेंगळापाशी, तू लिहिलंस तशीच, डावी स्की रुतली आणि त्या आडव्या फेकल्या गेल्या. बचाव पथकाला तिथून तीस मीटर खाली सापडल्या. उजवी नडगी मोडली, डोक्याला मार बसला. आता बऱ्या आहेत.

काल होळीचा रविवार होता. कुरणातल्या लाकडांच्या मनोऱ्यावर पेंढ्याची चेटकीण जाळली. मी घरीच बसलो. सर्दी झाली आहे.

ईस्टरचं नंतर बघू.

अर्मिनमामा


सॅव्हॉय,
९ मार्च

मामा,

तुझं पत्र वाचून मला वाईट वाटलं. किती कोरडं लिहिलंस, आणि होळीला गेला नाहीस? दर वर्षी मशाल घेऊन पुढे तूच असायचास. मला कळतंय काय झालंय ते. तू त्या बाईंच्या पडण्याचा दोष स्वतःवर घेतोयस. घेऊ नकोस. माझं तुझ्याशी कितीही वाजलं असेल, पण एक गोष्ट मी सगळीकडे सांगते, की माझ्या मामाने झेपणार नाही अशा उतारावर कधी कुणाला नेलं नाही. मी बारा वर्षांची असताना धुकं आलं म्हणून आख्खा वर्ग दोन तास पायी खाली आणला होतास. पोरं तुला भित्रा म्हणाली, तू ढिम्म हलला नाहीस.

पण मामा, अहवाल एकदा परत बघ. जाणकाराने वाचला तर तो हसेल. खळग्यात धार इतकी खोल रुतवायला जोर लागतो, बऱ्याच वर्षांची सवय लागते. चार दिवस शिकलेल्या बाईची धार तिथे रुततच नाही. ती घसरते आणि बुडावर बसते. मी लिहिलं तसं पडायला तुझ्यासारखा पट्टीचा माणूस लागतो! तू "कार्व्हिंग शिकलेलं माणूस" विचारलंस, म्हणून मी तसं लिहिलं. शिवाय आडवं फेकलेलं माणूस पुढच्याच खळग्यात अडकतं, तीस मीटर जात नाही. तू तिच्या मागे होतास की पुढे? नीट दिसलं नसेल तर तसं लिही, त्यात कमीपणा नाही.

आणि सर्दीवर गवतफुलांचा काढा घे. आईला सांगू का?

व्रेनी


मोंटाफोन,
१८ मार्च

व्रेनी,

आईला काही सांगू नकोस. आधी हे वाच.

तुझं पत्र येऊन पाच दिवस झाले. रोज कोटाच्या खिशात घेऊन डोंगरावर जातो आणि रोज तसंच परत आणतो. काल मुख्याधिकारी म्हणाले, "अर्मिन, अहवाल झकास लिहिलायस, नव्या पोरांना वाचायला देतो." मी थँक यू म्हटलं.

झालं ते असं. ११ फेब्रुवारी, बुधवार. दुपारी वरच्या हॉटेलात जेवायला बसलो होतो, चीजच्या शेवया आणि तळलेला कांदा. शेजारच्या बाकावर युर्गेन होता, नवा शिक्षक, पंचवीस वर्षांचा, टेंगळांवर उड्या मारणारा. तो मोठ्याने म्हणाला, "अर्मिनराव, इस्त्री केलेल्या उतारावर रेघा कोणीही मारतं हो!" सगळे हसले. माझा वर्गही हसला. हेडविगबाईही हसल्या, वाईट मनाने नव्हे. मी ताट सरकवलं आणि म्हटलं, "चला, कोणाला बघायचंय?" बाकीचे कॉफी पीत होते. त्या एकट्या उठल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "मास्तर, मला जमेल का हो?"

"माझ्या मागून यायचं. बस."

नको म्हटलं नव्हतं, व्रेनी. मीच नेलं.

तिसऱ्या टेंगळापाशी जे पडलं ते मी. डावी स्की रुतली, मी आडवा फेकला गेलो, स्की पायातून निघून खाली घसरत गेली. लागलं काहीच नाही. उठलो, खाली पाहिलं, आणि पायातलं बळ गेलं. पन्नास वर्षं मी बर्फावर आहे. मला खाली जाता येईना आणि वरही. एका स्कीवर काठ्या रोवून उभा राहिलो आणि टेंगळं मोजत बसलो, दुसरं काही सुचेना म्हणून. बाई माझ्यापाशी हळूहळू, आडव्या घसरत आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं असणार. पण म्हणाल्या एवढंच, "थांबा मास्तर, मी आणते तुमची स्की."

मी काय म्हणालो सांगू? मी म्हणालो, "लवकर आणा. कोणी बघायच्या आत."

त्या गेल्या. एकेक टेंगूळ थांबत, घसरत, बरोबर जसं तू लिहिलंस तसं, कोणी न शिकवता. स्की उचलली, काखेत मारली आणि पायऱ्या चढावं तशा आडव्या पावलांनी वर येऊ लागल्या. माझ्यापासून चार हातांवर पाय सुटला. त्या परत पार खाली गेल्या, गोल गोल, टेंगळांवरून आपटत. डोकं आपटलं ते माझ्याच स्कीवर.

मी बुडावर घसरत खाली पोचलो. त्या हलत नव्हत्या. आणि मी, व्रेनी, आधी स्की पायात घातली. खटका बसला, मग हाक मारली.

पथकातल्या माणसाने विचारलं, "काय झालं?" माझ्या तोंडून निघालं, "मी नको म्हटलं होतं." तिथून पुढे सगळं त्याच वाटेने गेलं. अहवालात पडण्याचं कारण लिहायला हवं होतं, आणि माझ्या पडण्याचं कारण मलाच कळलं नव्हतं. म्हणून तुला लिहिलं. तुझी वाक्यं मी तशीच्या तशी उतरवली, "तो"च्या जागी "ती" करून.

बाईंना जेवणानंतरचं काही आठवत नाही. आठ दिवसांपूर्वी त्यांचं पत्र आलं. लिहितात, "तुम्ही नको म्हणालात तरी मी गेले, असं मला सांगितलं. माझ्या हट्टापायी तुमच्या नावाला बोल लागला, याची लाज वाटते. वर्गात मुलांना आता माझंच उदाहरण देते, की सांगितलेलं ऐकलं नाही तर काय होतं ते बघा." सोबत स्वतः भाजलेला अक्रोडाचा केक होता.

तो मी खाल्ला. कॉफीबरोबर, दोन तुकडे. चांगला झाला होता.

आता तू काय ते म्हण. तुझ्याशिवाय कोणाला सांगू शकत नाही.

मामा


सॅव्हॉय,
२३ मार्च

श्री. अर्मिन नेत्सर यांस,

पत्र मिळालं.

तुम्ही विचारलंत मी काय म्हणते. मी म्हणते, तुमच्या अहवालातली ती वाक्यं माझी आहेत. एका बाईच्या तोंडावर खोटं मारायला तुम्ही माझा हात वापरलात. नऊ वर्षांनी पत्र आलं म्हणून मी इथे नाचले. आईला रडू आलं फोनवर. माफी समजले मी ते. आता इथले लोक विचारतात, "मामाचं काय उत्तर आलं?" मी खाली बघते. लाज तुमची आहे, पण ती मी नेसून फिरतेय.

तुम्ही घाबरलात याचं मला काही वाटत नाही. टेंगळांवर सगळे घाबरतात. मी दर मोसमात पहिल्या दिवशी घाबरते. मुलांना मी पहिल्या दिवशी तेच शिकवते, की घाबरलात तर काठी वर करून ओरडा. सहा वर्षांच्या पोरांना जमतं ते.

मला तुमची माफी नको. तुम्हाला माफ करणं माझ्या हातात नाही. तुम्ही मला सगळं लिहिलंत ते मन हलकं व्हावं म्हणून. माझ्यापाशी हलकं करू नका. ज्या बाईंची नडगी मोडली त्यांच्याकडे जा. पत्र नको, फोन नको. घरी जाऊन, तोंडाने सांगा. अहवाल परत घ्या. हे होईपर्यंत मला लिहू नका.

व्रेनी


मोंटाफोन,
२ एप्रिल

व्रेनी,

तू म्हणालीस तसं झालं, म्हणून लिहितो.

शुक्रवारी मुख्याधिकाऱ्यांकडे गेलो. अहवाल खोटा आहे, असं सांगून खरा त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला. मग उठून दार लावलं आणि म्हणाले, "हंगाम संपायला पंधरा दिवस आहेत रे. तेवढं थांबला असतास." मी म्हटलं, थांबत थांबत इथवर आलो. शाळेचा लाल कोट तिथेच खुर्चीवर काढून ठेवला आणि नुसत्या स्वेटरवर घरी आलो. रस्त्यात युर्गेन भेटला. त्याच्या कानावर गेलं होतं. वाटलं, आता हा काही बोलेल. त्याने टोपी काढली आणि बाजूने निघून गेला. बोलला असता तर बरं झालं असतं.

शनिवारी डॉर्नबर्नला गेलो. बाई दुसऱ्या मजल्यावर राहतात, एकट्या. कुबड्यांवर दार उघडायला आल्या. मला बघून इतक्या आनंदल्या की मी उंबऱ्यावरच बोलायला सुरुवात केली, नाहीतर त्यांनी कॉफी ठेवली असती. सगळं सांगितलं. आधी स्की घातली, मग हाक मारली, तेही. त्या भिंतीला टेकून ऐकत होत्या.  संपल्यावर विचारलं, "मी स्की आणते म्हटल्यावर तुम्ही काय म्हणालात? परत सांगा."

"लवकर आणा."

"आणि मी गेले."

"हो."

"म्हणजे मी सांगितलेलं ऐकलंच होतं," त्या म्हणाल्या.

त्या ओरडल्या नाहीत. मी त्याची तयारी करून गेलो होतो, व्रेनी, रेल्वेत बसून उत्तरं जुळवली होती. त्यांनी एवढंच विचारलं, की मंगळवारी सकाळी साडेनऊला मी मोकळा आहे का. म्हणाल्या, "बावीस मुलांना मी महिनाभर एक गोष्ट सांगत आले. ती खोटी निघाली. ती दुरुस्त करायचं काम माझं नाही."

मंगळवारी गेलो. चौथीचा वर्ग, दहा-दहा वर्षांची मुलं. बाई खुर्चीत बसल्या होत्या, प्लास्टरचा पाय स्टुलावर, त्यावर मुलांनी नावं लिहिलेली. त्या म्हणाल्या, "हे नेत्सर सर. यांना तुम्हाला काही सांगायचंय." आणि हात मांडीवर ठेवून बसल्या.

मी हजारो माणसांना शिकवलंय. त्या बावीस जणांसमोर फळ्याला पाठ टेकून उभा राहिलो. सांगितलं कसंबसं. कार्व्हिंग काय, टेंगळं काय, मी का गेलो, कसा पडलो. इथवर मुलं हसली. मग बाईंचं सांगितलं, तेव्हा हसायची थांबली.

दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. दोन वेण्या, एक दात पडलेला. "तुम्ही घाबरला होतात?"

"हो."

"मग आमच्या बाई नव्हत्या घाबरल्या?"

मी बाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "मला आठवत नाही, ग्रेटा. सरांना विचार."

व्रेनी, हे मी तुलाही लिहिलं नव्हतं. बाईंनाही उंबऱ्यावर सांगितलं नव्हतं. मला वाटत होतं की सगळं सांगून झालं. बावीस तोंडं माझ्याकडे बघत होती.

"घाबरल्या होत्या," मी म्हटलं. "त्यांचे गुडघे थरथरत होते. ओठ पांढरे पडले होते."

"तुम्हाला दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

ती मुलगी पुढे काही विचारेल म्हणून मी वाट बघत उभा राहिलो. तिने हात खाली घेतला.   मग बाईंनी डोळे पुसले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पुस्तकं काढा. पान चौसष्ट."

मला जा म्हणाल्या नाहीत, बसाही म्हणाल्या नाहीत. मी दाराबाहेर आलो. बाहेर जायचा रस्ता वर्गाच्या मोठ्या काचांसमोरून होता, आणि परत त्यांच्या डोळ्यांसमोरून जायचा मला धीर होईना. भिंतीवर मुलांचे कोट टांगले होते. त्यांच्यात मी अंग चोरून उभा राहिलो, तास संपेपर्यंत. आतून वाचल्याचा आवाज येत होता. मग घंटा झाली, मुलं धावत बाहेर आली, आणि ती वेण्यांची मुलगी माझ्यासमोर येऊन थांबली.

म्हणाली, "सरका ना. तुमच्या मागे माझा कोट आहे."

अर्मिन